पायलट व्हायचंय? आधी मेडिकल, मग पेपर, पैसे सगळ्यात शेवटी

बारावीचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. बोलणारे बहुतेक वेळा वडील असतात, कधी मामा किंवा काका. "सर, ॲडमिशन घेऊन टाकली, पहिला हप्ता भरला. आता पुढं काय करायचं?" मी विचारतो, "मुलाचं क्लास वन मेडिकल झालं का?" आणि फोनवर शांतता पसरते.

मी पायलट होऊ इच्छिणाऱ्या मुलांचे ग्राउंड क्लास घेतो. हवेत जाण्याआधी जे शिकायचं असतं, ते शिकवतो. तासगावकडच्या एका द्राक्ष बागायतदाराचा मुलगा माझ्याकडे आला, तेव्हा घरच्यांनी एका फ्लाइंग स्कूलमध्ये पैसे आधीच भरले होते. सहा महिन्यांनी क्लास वनमध्ये, म्हणजे व्यावसायिक पायलटला लागणाऱ्या वैद्यकीय तपासणीत, त्याच्या रंगदृष्टीत दोष निघाला. भरलेल्या पैशांतले फारच थोडे परत मिळाले. पोराची काही चूक नव्हती. ही तपासणी गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे दहा मिनिटांत होते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच. त्याच्या वडिलांचा चेहरा मला अजून आठवतो. हा लेख लिहायला बसलो तो त्यामुळेच.

भारतात कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल, मिळवायचं असेल तर पुढच्या क्रमानंच जा.

टप्पा १ : कागद आणि नाव

सीपीएलसाठी वय किमान १८ लागतं आणि बारावीला भौतिकशास्त्र व गणित लागतं. शिकाऊ परवाना, म्हणजे एसपीएल, दहावीनंतर १६ व्या वर्षी मिळू शकतो. कॉमर्स किंवा आर्ट्स केलेल्यांनी निराश होऊ नये. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून फक्त हे दोन विषय देता येतात. पण भौतिकशास्त्राचं प्रात्यक्षिकही असतं, निकाल यायला वेळ लागतो, आणि तोवर पुढची बरीच कामं अडून राहतात. म्हणून त्याचा अर्ज सगळ्यात आधी भरा.

आता नावाचं बघा. महाराष्ट्रात यात हमखास गोंधळ होतो. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर कधी वडिलांचं नावच नसतं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. त्यात कुणाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग दहावीला एक आणि बारावीला दुसरं. मेडिकल, परीक्षा आणि परवाना या तिन्हींना एकाच नावानं सामोरं जायचं असतं. एका अक्षराच्या फरकानं अर्ज परत आलेले मी पाहिले आहेत.

तपासा : दहावी, बारावी, आधार, पासपोर्ट चारही टेबलावर शेजारी ठेवा आणि इंग्रजी स्पेलिंग बोटानं अक्षर अक्षर जुळवा. फरक असेल तर दहावीची गुणपत्रिका प्रमाण धरून बाकीचं दुरुस्त करून घ्या. गरज पडली तर राजपत्रात नावाची नोंद करा. बोर्डाकडून गुणपत्रिकेची पडताळणीही आताच मागवून ठेवा, पुढं लागते.

टप्पा २ : मेडिकल, आणि तेही पूर्ण

आधी डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, याच्या ईजीसीए पोर्टलवर स्वतःचं खातं उघडा. मग डीजीसीएनं मान्यता दिलेल्या डॉक्टरकडे क्लास टू मेडिकल. त्या अहवालावर डीजीसीएची मोहोर उमटली की क्लास वन. पहिलं क्लास वन कुठल्याही दवाखान्यात होत नाही. बंगळूरची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन, दिल्लीचं हवाई दलाचं केंद्र अशा ठरावीक ठिकाणीच होतं. तारीख मिळायलाही थांबावं लागतं.

बहुतेक जण इथं एक चूक करतात. क्लास टू झालं की त्यांना वाटतं मेडिकल झालं. क्लास टूवर शिकता येतं, एसपीएल मिळतं, स्कूलही प्रवेश देतं. पण सीपीएल क्लास वनशिवाय मिळत नाही. क्लास वन हातात येईपर्यंत एकाही स्कूलला पैसे देऊ नका. ओळखीचं स्कूल असलं तरी नाही, "सीट जाईल" म्हणाले तरी नाही.

क्लास वनला जाण्याआधी महिनाभर घरीच तयारी करा :

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन चष्म्याचा नंबर आणि इशिहारा चाचणी करून घ्या. रंगीत ठिपक्यांच्या गोलात आकडा ओळखायचा, एवढंच असतं. चष्मा असणं हा दोष नाही. चष्म्यानं नजर निकषात बसली की चालतं, फक्त उडताना जादा चष्मा जवळ ठेवावा लागतो. खरी अडचण येते ती रंगदृष्टीत. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर किती दिवस आधी काढायच्या ते डॉक्टरांना विचारा. लेसर शस्त्रक्रिया झाली असेल तर तिचे सगळे कागद बरोबर न्या. तिला काही अटींवरच मान्यता मिळते.

कानातला मळ आठवडाभर आधी डॉक्टरकडून काढून घ्या. ऑडिओमेट्रीच्या, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या, आदल्या दिवशी हेडफोन नको, बुलेटवर लांबचा प्रवास नको, वरातीतला डीजे तर नकोच. सर्दी असेल तर तारीख पुढं ढकला. वजन जास्त असेल तर आताच कमी करायला लागा, आठवड्यात ते होत नाही. आणि रात्रभर ट्रेननं प्रवास करून सकाळी थेट तपासणीला उभं राहू नका. रक्तदाब वाढलेला दिसतो आणि मग तोच कागदावर चढतो. एक दिवस आधी पोहोचा, नीट झोपा.

सावध : जुनं ऑपरेशन, फिट येणं, दमा, यातलं काहीही लपवू नका. लपवलेली गोष्ट नंतर उघड झाली की आजारापेक्षा लपवणं महागात पडतं. "तात्पुरता अनफिट" असा शेरा आला तर खचून जाऊ नका. कारण लिहिलेलं असतं. त्यावर उपचार करून पुन्हा जाता येतं, अपीलही करता येतं.

टप्पा ३ : पेपर

क्लास वनच्या तारखेची वाट बघत असतानाच अभ्यास सुरू करा. आधी डीजीसीएच्या परीक्षा विभागाकडून कॉम्प्युटर नंबर, म्हणजे उमेदवाराचा क्रमांक, काढावा लागतो. त्याच्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही.

विषय असे : एअर नेव्हिगेशन, एव्हिएशन मेटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल आणि टेक्निकल स्पेसिफिक. उत्तीर्ण व्हायला ७० टक्के लागतात, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. वर्षातून चार नियमित सत्रं होतात, मधल्या काळात मागणीनुसार ऑनलाइन परीक्षाही देता येते.

माझा सल्ला : नेव्हिगेशन आणि मेटिऑरॉलॉजी आधी, दोन्ही जोडीनं. रेग्युलेशन्स त्यानंतर, कारण त्यात पाठांतर जास्त आणि पाठ केलेलं लवकर उडतं. टेक्निकल स्पेसिफिक मात्र स्कूल ठरल्यावरच द्या. तो पेपर तुम्ही जे विमान उडवणार त्याच्यावरचा असतो. एकीनं सेसना १७२ चा पेपर दिला आणि ज्या स्कूलमध्ये गेली तिथं विमानं दुसऱ्याच कंपनीची होती. पुन्हा तयारी, पुन्हा परीक्षा, दोन महिने वाया.

प्रश्नसंच पाठ करून पास होणारे पुष्कळ आहेत. ते हवेत अडकतात. एक उदाहरण घ्या. तुम्ही ३० नॉटिकल मैल उडालात आणि खाली बघता तर ठरलेल्या मार्गापासून २ मैल डावीकडे सरकला आहात. अजून ६० मैल जायचंय. उजवीकडे किती वळायचं? साठ मैलांत एक मैल सरकलं तर एक अंश चूक, हा हिशोब डोक्यात ठेवा. तीस मैलांत दोन म्हणजे साठात चार, तर चूक ४ अंशांची. नुसतं ४ अंश वळलात तर मूळ मार्गाला समांतर जात राहाल, मुक्कामाला पोहोचणार नाही. उरलेल्या ६० मैलांत ते दोन मैल भरून काढायला आणखी २ अंश हवेत. एकूण ६. हे कॅल्क्युलेटरशिवाय, एका हातानं विमान सरळ ठेवत, रेडिओवर कान ठेवून करायचं असतं.

दुसरं, पावसाळ्यात हवेचा दाब खाली येतो तेव्हाचं. दाब १००५ हेक्टोपास्कल आहे आणि तुमचा अल्टिमीटर, म्हणजे दाबावरून उंची दाखवणारं यंत्र, १०१३ वरच राहिला. फरक ८. एका हेक्टोपास्कलला साधारण ३० फूट धरले तर काटा तुम्हाला खऱ्यापेक्षा सुमारे २४० फूट वर दाखवतोय. म्हणजे तुम्ही समजता त्यापेक्षा २४० फूट खाली आहात, आणि समोर सह्याद्री आहे. हे समजून घेतलेला मुलगा टॉवरनं सांगितलेला दाब कधी विसरत नाही.

तपासा : निदान नेव्हिगेशन आणि मेटिऑरॉलॉजी पास झाल्याशिवाय फ्लाइंग सुरू करू नका. दिवसा उडायचं आणि रात्री पेपरचा अभ्यास करायचा म्हटलं की दोन्ही रखडतं.

टप्पा ४ : स्कूल निवडणं

आता पैशांची वेळ आली. भारतात सीपीएलचा खर्च साधारण ४५ ते ७० लाखांच्या घरात जातो. हॉस्टेल, हेडसेट, परीक्षा शुल्क, जादा लागणारे तास, चाचण्यांचा खर्च हे बऱ्याचदा त्यात धरलेलं नसतं.

महाराष्ट्रात बारामती, गोंदिया, धुळे, नागपूर अशा ठिकाणी प्रशिक्षण चालतं. उत्तर प्रदेशात रायबरेलीजवळ फुरसतगंजला केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमी आहे, तिथं प्रवेश परीक्षेतून मिळतो. २०२५ पासून डीजीसीए स्कूलना अक्षरांत श्रेणी देऊन जाहीर करतं. ती जरूर बघा, पण तेवढ्यावर थांबू नका.

स्कूल बघायला जाल तेव्हा ऑफिसच्या सोफ्यावर बसून चकचकीत पुस्तिका चाळू नका. सकाळी सातला धावपट्टीजवळ, जिथून दिसेल तिथं उभे राहा आणि दुपारी बारापर्यंत टेकऑफ मोजा. हँगरमध्ये किती विमानं आहेत याला अर्थ नाही, आज त्यातली किती उडण्याच्या स्थितीत आहेत ते विचारा. एका विमानामागे मुलं किती? प्रशिक्षक किती, आणि त्यातले किती जण गेल्या वर्षभरात सोडून गेले? सगळ्यात नेमकं उत्तर मिळतं कँटीनमध्ये. तिथल्या मुलाला विचारा, "गेल्या महिन्यात किती तास उडालास?" पाच-सहा मुलांनी दहापेक्षा कमी आकडे सांगितले तर २०० तास व्हायला किती वर्षं लागतील, ते वहीवर मांडून बघा. पावसाळ्याचे महिने त्यातून वजा करायला विसरू नका.

सावध : सगळे पैसे एकदम भरू नका, "एकरकमी भरलं तर सूट" असं सांगितलं तरीही. उडालेल्या तासांपेक्षा फार पुढचे पैसे स्कूलकडे अडकू देऊ नका. सोडून जायची वेळ आली तर परतावा किती आणि किती दिवसांत, हे करारात लिहून घ्या. शैक्षणिक कर्ज घेणार असाल तर मोठ्या रकमेला बँक तारण मागते. त्यात हप्ते सुरू होण्याची तारीख अभ्यासक्रमाच्या ठरलेल्या मुदतीवरून धरलेली असते. प्रशिक्षण वर्षभर रखडलं तर परवाना हातात नसतानाच हप्ते सुरू होतात. जमीन तारण ठेवणाऱ्या घरांनी हा हिशोब आधी मांडावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

परदेशी जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. अमेरिका, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंडला तास लवकर होतात हे खरं. पण परत आल्यावर परवाना भारतीय करून घ्यावा लागतो. त्याला इथलं क्लास वन आणि इथले पेपर लागतातच. दोन्ही आटोपूनच जा, आणि पुढच्या टप्प्यातला तासांचा तक्ता बरोबर न्या.

टप्पा ५ : उडणं

सुरुवात एसपीएलनं, तोंडी परीक्षा देऊन. मग प्रशिक्षकाबरोबर सरळ उडणं, वळणं, चढणं-उतरणं, स्टॉल (पंखांची उचल सुटणं आणि त्यातून सावरणं). आणि मग सर्किट : टेकऑफ, फेरी, उतरणं, परत टेकऑफ, पुन्हा पुन्हा. पहिली सोलो, म्हणजे एकट्यानं उड्डाण, कुणाला १५ तासांत मिळते, कुणाला २५ लागतात. खोलीतला मित्र आधी सोलो झाला म्हणून प्रशिक्षकाच्या मागे लागू नका. लँडिंग बसायला वेळ लागतो, बसलं की बसतं.

शक्यतो सकाळची पहिली पाळी मागा. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवेचे झोत उठतात, नवखा शिकाऊ त्यांच्याशी झगडण्यातच तास घालवतो. तापलेल्या विरळ हवेत विमान धावपट्टीही जास्त खातं.

विमानाची बाहेरून तपासणी कधीही उरकू नका. पहाटे सेसनाच्या पंखाखाली बसून छोट्या पारदर्शक पेल्यात टाकीच्या तळाचं इंधन काढायचं आणि उजेडाकडे धरायचं. विमानाचं पेट्रोल फिकट निळं असतं. त्यात पाणी असेल तर ते जड म्हणून पेल्याच्या तळाशी स्वच्छ, रंग नसलेल्या थेंबासारखं बसतं, दोहोंमधली रेघ स्पष्ट दिसते. तसं दिसलं तर पुन्हा काढा, नुसतं निळं येईपर्यंत काढत राहा. येतच नसेल तर विमान उडवायचं नाही. पण पेला पूर्ण रंगहीन दिसला तर? तो सगळा पाण्यानंच भरलेला असू शकतो. म्हणून रंगही बघायचा आणि वासही घ्यायचा. मी शिकत होतो तेव्हा एकदा रात्रभर पाऊस पडून गेल्यावर माझ्या पेल्यात खरोखर पाणी आलं होतं. त्या दिवशी मला घाई होती. तरीही पेला उजेडाकडे धरला, म्हणून ते दिसलं.

सावध : उड्डाणाआधी १२ तास दारूचा थेंबही नाही. अल्कोहोल असलेला माउथवॉशसुद्धा चालत नाही. सर्दीची साधी गोळीही विमानांचं वैद्यक जाणणाऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. नाक चोंदलेलं असताना उडालात तर उतरताना कानाचा पडदा दुखावतो.

टप्पा ६ : तासांचा हिशोब

मुलं सगळ्यात जास्त फसतात ती इथं. "२०० तास झाले की संपलं" असं त्यांना वाटतं. त्या २०० च्या आत काय काय असायला हवं ते बघा :

– स्वतः कप्तान म्हणून, म्हणजे पीआयसी, १०० तास. त्यातले १५ अर्जाआधीच्या ६ महिन्यांतले.
– त्यात किमान २० तास क्रॉस-कंट्री, म्हणजे ठरवलेल्या मार्गानं लांब पल्ल्याचं उड्डाण. त्यातलं एक उड्डाण ३०० नॉटिकल मैलांपेक्षा कमी नको, आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबलेलं हवं.
– १० तास इन्स्ट्रुमेंटवर, म्हणजे बाहेर न बघता फक्त उपकरणं बघून उडण्याचे. त्यातले जास्तीत जास्त ५ सिम्युलेटरवरचे चालतात.
– रात्रीचे ५ तास, पीआयसी म्हणून १० टेकऑफ आणि १० लँडिंगसह.

हे सगळे २०० तास अर्जाआधीच्या ५ वर्षांतले हवेत.

आता यातली खरी मेख. विमान कंपन्या इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे उपकरणांवर उडण्याची मान्यता, मागतात, आणि त्याला पीआयसी क्रॉस-कंट्री ५० तास लागतात, इन्स्ट्रुमेंटचे ४०. वरचा २० चा आकडा धरून चाललात तर शेवटी ३० तास कमी पडतात, आणि ते २०० च्या वर उडावे लागतात. त्या वेळी तासाचा दर स्वतःच्या खिशातून जातो. म्हणून पहिल्या सोलोनंतर लगेच प्रशिक्षकाबरोबर बसा आणि उरलेल्या तासांचा तक्ता करा. दर रविवारी त्यात भर घाला.

चाचण्यांचंही तसंच. दिवसाची आणि रात्रीची फ्लाइंग टेस्ट, दिवसाची २५० आणि रात्रीची १२० नॉटिकल मैलांची क्रॉस-कंट्री टेस्ट, या अर्जाआधीच्या ६ महिन्यांतल्या लागतात. दिवसाची टेस्ट मार्चमध्ये दिली, मग पावसाळा लागला, मग विमान दुरुस्तीला गेलं, रात्रीची टेस्ट ऑक्टोबरला झाली, की मार्चची बाद. पुन्हा द्या, पुन्हा पैसे. चाचण्या शेवटच्या टप्प्यात, पाठोपाठ, आणि शक्यतो नोव्हेंबर ते मार्चमध्ये बसवा.

तपासा : लॉगबुक रोज भरा, उड्डाण झालं की त्याच दिवशी. ड्युअल (प्रशिक्षकाबरोबरचे तास), पीआयसी, रात्र, क्रॉस-कंट्री, इन्स्ट्रुमेंट, प्रत्येक रकाना वेगळा. वही, ईजीसीएवरचं लॉगबुक आणि विमानाची नोंद तिन्ही मिनिटाला मिनिट जुळली पाहिजेत. महिन्याच्या शेवटी चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टरची सही घ्याच. वर्षभराच्या सह्या एकदम घ्यायला गेलात आणि तोवर ते नोकरी सोडून गेले असतील, तर फिरावं लागतं तुम्हालाच.

टप्पा ७ : रेडिओ आणि इंग्रजी

रेडिओवर बोलण्याचा परवाना म्हणजे आरटीआर. पूर्वी तो दूरसंचार विभागाकडे होता, भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ ला लागू झाल्यावर तो विषय डीजीसीएकडे आला. बरेच जुने व्हिडिओ आणि नोट्स जुन्या पद्धतीवरच्या आहेत, त्यावरून तयारी करू नका.

शिवाय इंग्रजीची ईएलपी चाचणी, किमान लेव्हल ४. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंपदा, ओघ, आकलन आणि संवाद असे सहा निकष असतात, आणि सगळ्यात कमी गुण जिथं असतील तीच तुमची लेव्हल. मराठी माध्यमातली मुलं याला फार घाबरतात. त्यांना मी एकच गोष्ट करायला लावतो : रोज अर्धा तास खोलीत उभं राहून, मोठ्यानं, टॉवर आणि पायलट असे दोन्ही आवाज स्वतःच काढायचे. मनातल्या मनात वाचून तोंड सुटत नाही. इंग्रजी साहेबी असायची गरज नाही, स्पष्ट हवं. गडचिरोलीकडच्या माझ्या एका विद्यार्थिनीनं अशीच तयारी केली आणि पहिल्याच फेरीत लेव्हल ५ आणली.

टप्पा ८ : अर्ज आणि पुढं

ईजीसीएवर सीपीएलचा अर्ज भरण्याआधी एका कागदावर सगळ्या तारखा लिहा. क्लास वन पुढं निदान काही महिने वैध आहे का? चाचण्या ६ महिन्यांच्या आत बसतात का? पीआयसीचे ते १५ तास? पेपरचे निकाल? यातली एक मुदत संपली तरी अर्ज थांबतो, आणि तो थांबला की बाकीच्या मुदती सरकत राहतात.

परवाना आल्यावर बहुतेक कंपन्यांसाठी टाइप रेटिंग लागतं, म्हणजे एअरबस ए३२०, बोइंग ७३७ किंवा एटीआर ७२ अशा एखाद्या ठरावीक विमानाचं प्रशिक्षण. त्याला आणखी १५ ते २५ लाख लागू शकतात. कंपनीनं निवड करण्याआधी स्वतःच्या मनानं ते करू नका. ज्या विमानाचं केलंत त्याची भरती निघालीच नाही, तर हातात बसतो नुसता खर्च. त्या काळात क्लास वनचं नूतनीकरण मात्र चुकवू नका, ते १२ महिन्यांनी संपतं. मुलाखतीचं पत्र आठवड्याच्या मुदतीचं येतं आणि मेडिकलची तारीख महिन्यानंतरची मिळते.